लिबरऑफिस कॅल्क : एक सॉफ्टवेअर, शाळेतले सगळे विषय

शाळेत मुलांना संगणक शिकवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं कोणी विचारलं की मी लिबरऑफिस कॅल्कचं नाव घेते. एक्सेलसारखंच, रकान्यांत आकडे भरून हिशेब आणि आलेख करायचं हे सॉफ्टवेअर. आमची माध्यमिक शाळा चिपळूण तालुक्यात, मराठी माध्यमाची, आठवी ते दहावीची. मी भूगोल शिकवते आणि थोडं गणितही माझ्याकडे आहे. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरीसाठी सगळ्यांनी केली तशी एमएस-सीआयटी केली, तेवढंच. तरी हा आढावा लिहायला बसले, कारण आमच्याकडे हे सॉफ्टवेअर संगणकाच्या तासापेक्षा भूगोल, विज्ञान, गणित आणि मराठीच्या तासाला जास्त चालतं, आणि माझ्या मते त्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आधी आमच्याकडेही संगणकाचा वेगळा तास होता. फळ्यावर व्याख्या, वहीत मॉनिटर आणि कीबोर्डच्या आकृत्या, आणि नंबर लागला तर माउस हातात. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे. त्यात आकड्यांवरून आलेख कसा काढायचा ते पायरीपायरीने दिलंय. मुलं त्या पायऱ्या पाठ करायची, उत्तरपत्रिकेत ओळीने लिहायची आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायची. त्यातल्याच एखाद्याला विज्ञानाच्या प्रयोगाचे आकडे दिले, की तो आलेखवही काढायचा. दोन खोल्यांमध्ये एक व्हरांडा होता, पण इकडचं तिकडे काही जात नव्हतं. म्हणून शिक्षकांच्या बैठकीत ठरलं, की प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या विषयातला एखादा भाग प्रयोगशाळेतल्या संगणकावर घ्यायचा. तंत्र शिकवायचं ते त्या भागाला लागेल तेवढंच, आणि लागेल तेव्हाच.

संगणक माजी विद्यार्थ्यांनी दिले. आमची मुलं मुंबईला गेली तरी गावाला विसरत नाहीत. एका कचेरीने जुने संगणक बदलले, ते त्यांनी गणपतीला येताना टेम्पोत घालून आणले. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली, त्यात लिबरऑफिस आधीपासून असतं. विंडोज असेल तर उतरवून घ्यावं लागतं. फाइल साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे, पण एकदा पेनड्राइव्हवर घेतली की इंटरनेट लागत नाही. पैसे लागत नाहीत, परवान्याची मुदत संपत नाही. पूर्वी एका पुरवठादाराने दिलेल्या संगणकांवर चाचणीपुरतं ऑफिस होतं. मुदत संपली आणि मुलांच्या फाइलींत काही बदलता येईना. ऐन सत्र परीक्षेच्या तोंडावर झालेला तो मनस्ताप आठवला, की फुकट आणि कायमचं या दोन शब्दांची किंमत कळते. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून हा प्रकल्प सुरू झाला, द डॉक्युमेंट फाउंडेशन तो चालवते, आणि स्रोत, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड, सगळ्यांसाठी खुला आहे. कोणालाही प्रत बिनदिक्कत देता येते, हा मला त्यातला मोठा फायदा वाटतो.

आता मुख्य गोष्ट, वर्गात ते कसं वागतं.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. लोकसंख्येच्या पाठाला मी थेट ब्राझीलला न जाता आधी आपल्या जिल्ह्यावर येते. जनगणनेचे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि मुलं ते कॅल्कमध्ये भरतात. रत्नागिरी जिल्हा, २००१ ची लोकसंख्या १६,९६,७७७ आणि २०११ ची १६,१५,०६९. सिंधुदुर्ग, ८,६८,८२५ आणि ८,४९,६५१. मग ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर आणि शेवटी महाराष्ट्र. चौथ्या रकान्यात सूत्र: २०११ च्या आकड्यातून २००१ चा वजा, भागिले २००१ चा. पहिल्या ओळीत लिहायचं आणि कोपऱ्यातला छोटा चौकोन धरून खाली ओढायचं. टक्केवारीचं बटण दाबलं की रत्नागिरीसमोर उणे ४.८२ येतं.

वर्गातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. मुलांना वाटतं सूत्र चुकलं. लोकसंख्या वाढते, तो तर प्रश्न आहे, असंच त्यांनी पाचवीपासून लिहिलेलं असतं. मी उत्तर देत नाही. सूत्र तपासा म्हणते. ती सेलवर, म्हणजे तक्त्यातल्या त्या चौकटीवर, जाऊन वरच्या पट्टीत सूत्र वाचतात, फळ्यावरचे आकडे पुन्हा पडताळतात, खालच्या ओळीला सिंधुदुर्गही उणे २.२१ दिसतो, आणि महाराष्ट्र मात्र अधिक १६. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, माझे काका, आत्या सगळे नालासोपाऱ्याला आहेत." त्या क्षणी ठाण्यासमोरचे अधिक ३६ टक्के त्यांना वेगळे दिसायला लागतात. २०११ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो २०१४ चा. त्यामुळे विरार, नालासोपारा, डोंबिवली हे सगळं त्या ठाण्यात आहे. मुंबई शहरसुद्धा उणे साडेसातवर आहे, याने तर वर्ग चक्रावतोच. मग गिरण्या, चाळी, उपनगरांकडे सरकलेली वस्ती यावर जी चर्चा होते ती पुस्तकातून मला कधी घडवता आली नव्हती.

शेवटी मी लिंग-गुणोत्तराचा रकाना जोडायला सांगते. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया आणि रत्नागिरीत ११२२. रत्नागिरीचा स्तंभ आलेखात इतका उंच जातो की मुली खूश होतात. लगेच एखादी विचारते, "पण मॅडम, यात पुरुष गावात नाहीत म्हणूनच ना?" हा प्रश्न दहावीच्या मुलीने स्वतः काढलेल्या आलेखाकडे बघून विचारावा, याहून भूगोलाच्या शिक्षकाला आणखी काय हवं. आणि या सगळ्यात सूत्र लिहिणं, ते खाली ओढणं, टक्केवारी, क्रमवारी लावणं आणि स्तंभालेख एवढं कॅल्क ती शिकली, ते शिकवतोय असं कोणी न सांगता.

नववीला वृष्टीचा पाठ आहे. शाळेच्या पटांगणात पर्जन्यमापक आहे. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आम्हीही तीच वेळ धरतो. जूनपासून रोजचा आकडा पर्यवेक्षक गटातली मुलं वहीत लिहितात आणि आठवड्यातून एकदा कॅल्कमध्ये चढवतात. इथे कॅल्कचा सगळ्यात मोठा दोष सांगायला हवा, कारण तो प्रत्येक मराठी शाळेला भोवणार आहे.

संगणकावर भाषेची सेटिंग अमेरिकन इंग्रजी असेल, तर कॅल्क तारीखही अमेरिकन पद्धतीने वाचतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मुलाने १ जुलै म्हणून १/७ टंकलं, की कॅल्कला ती ७ जानेवारी वाटते. २ जुलैची ७ फेब्रुवारी होते. असं १२ जुलैपर्यंत चालतं. १३ जुलैला तेरावा महिना सापडत नाही, मग ते तारीख मानायचंच सोडून देतं आणि तो मजकूर धरून सेलच्या डाव्या कडेला लावतं. आलेख काढला की चिपळुणात जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या ७ तारखेला धो धो पाऊस पडलेला दिसतो. कुठेही लाल अक्षरात सूचना येत नाही. उपाय सोपा आहे: टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल इंग्लिश इंडिया करायचं, की आधी दिवस मग महिना असं सुरळीत होतं. प्रत्येक संगणकावर हे पहिल्याच दिवशी करून ठेवा. आमच्या विज्ञानाच्या सरांचं म्हणणं, एका संगणकावर मुद्दाम जुनं सेटिंग ठेवावं आणि चूक मुलांनाच शोधू द्यावी. मला ते पटलं. आकडा सेलच्या उजव्या कडेला बसतो आणि मजकूर डाव्या, हे त्या एका संगणकाने जितकं पक्कं शिकवलं तितकं कुठल्या धड्याने शिकवलं नसतं.

पावसाच्या तक्त्यातच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार मोलाची आहे. रविवारी कोणी मापक वाचला नाही तर सेल रिकामा राहतो. पाऊस पडलाच नाही तर तिथे शून्य हवा. मुलं सुरुवातीला दोन्ही ठिकाणी रिकामंच ठेवतात. कॅल्कचं ॲव्हरेज हे फंक्शन रिकामा सेल मोजत नाही, शून्य मात्र मोजतं. त्यामुळे कोरडे दिवस रिकामे सोडणाऱ्या गटाची महिन्याची सरासरी शेजारच्या गटापेक्षा जास्त येते. पाऊस तोच, मापक तोच. दोन गट भांडतात, एकमेकांचे तक्ते ओळीने तपासतात आणि शेवटी कळतं, की "मोजलं नाही" आणि "पडला नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला विचाराल तर संगणकसाक्षरता म्हणतात ती हीच.

सरासरीशेजारी मॅक्स लावला की सर्वांत जास्त पावसाचा दिवस दिसतो. त्यावेळी मी २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा सांगते, एका दिवसात ९४४ मिलिमीटर. २२ जुलै २०२१ मला सांगावी लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी किती पायऱ्या चढलं, हे माझ्या वर्गातल्या कित्येकांना तारखेसकट माहीत आहे. महिन्याची सरासरी अशा एका दिवसाला पोटात घेऊन कशी गप्प बसते, हे त्यांना दोन सेल शेजारीशेजारी बघून समजतं.

विज्ञानाचं सांगते. नववीला धाराविद्युत आहे, ओहमचा नियम त्यात येतो. सर नायक्रोमच्या तारेला एक, दोन, तीन असे बॅटरीचे सेल वाढवत जोडतात, व्होल्टमीटर आणि ॲमीटरची वाचनं मुलं थेट कॅल्कमध्ये भरतात. इथे आलेखाचा प्रकार निवडताना शिक्षकाने पाठीशी उभं राहायला हवं. मुलांचा हात नावावरून "लाइन"कडे जातो, कारण रेषा हवी असते. पण लाइन आलेख आडव्या अक्षावरचे आकडे नुसती नावं समजून सारख्या अंतरावर मांडतो. वाचनं सारख्या अंतराने घेतली नसतील, तर सरळ यायला हवी ती रेषा मोडलेली दिसते. त्यासाठी "एक्स वाय स्कॅटर" घ्यायचा. मग ठिपक्यावर उजवी कळ दाबून ट्रेंड लाइन घालायची आणि समीकरण दाखवण्याची चौकट टिचकवायची. आलेखावर एफ एक्स बरोबर अमुक एक्स अधिक अमुक असं उमटतं. विभवांतर उभ्या अक्षावर आणि धारा आडव्या अक्षावर घेतली असेल तर एक्सचा सहगुणक म्हणजे तारेचा रोध. गणिताच्या तासाला रेषीय समीकरण शिकलेली मुलं ते वाचून माझ्याकडे येतात, "मॅडम, हे तुमचं आहे!" म्हणून.

तारेच्या जागी सर बॅटरीचा छोटा बल्ब लावतात, तेव्हा ठिपके रेषेवर बसत नाहीत, वर वळत जातात. कॅल्क तरीही इमानेइतबारे त्यांतून सरळ रेषा काढून समीकरण छापतं. सर विचारतात, यावर विश्वास ठेवायचा का? तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून ठिपके वळले, रेषा खोटी पडली. सॉफ्टवेअर सांगतं ते तपासायचं असतं, हे दुसऱ्या कुठल्या तासाला इतकं उघड दाखवता येईल असं मला वाटत नाही.

सगळ्यात आवडलेला वापर मात्र आमच्या मराठीच्या मॅडमचा. संगणकाच्या खोलीत मराठी काय शिकवणार, असं त्यांनाच आधी वाटत होतं. त्यांनी कवितेतलं वृत्त घेतलं. परिपाठात मुलं रोज भुजंगप्रयातातला श्लोक म्हणतात. त्याची "मना सज्जना" ही ओळ घेऊन प्रत्येक अक्षर एकेका सेलमध्ये, खालच्या ओळीत लघू असेल तर ल, गुरू असेल तर ग. तिसऱ्या ओळीत तीन तीन सेल जोडण्याचं सूत्र. बाजूला आठ गणांचा तक्ता: लगग म्हणजे य, गगग म्हणजे म, गगल म्हणजे त, गलग र, लगल ज, गलल भ, ललल न, ललग स. आणि चौथ्या ओळीत व्हीलुकअप, म्हणजे जोडलेलं त्रिकूट तक्त्यात शोधून गणाचं नाव आणणारं फंक्शन. ओळ बरोबर भरली की खाली चार वेळा य येतो. एंटर दाबल्यावर चारही सेलमध्ये य उमटला की मुलं अक्षरशः टाळ्या वाजवतात.

एका गटाला पहिल्या जागी य ऐवजी ज आला. त्यांनी "सज्जना"तला स लघू धरला होता. तो एकटा लघूच आहे, पण पुढे जोडाक्षर आल्याने त्याच्यावर आघात येतो आणि तो गुरू होतो. हा नियम मॅडमनी आधी फळ्यावर सांगितलेला होता, लिहूनही घेतला होता. तक्त्याने चूक कुठे ते दाखवलं, तेव्हा त्या मुलांनी ओळ मोठ्याने म्हणून पाहिली आणि कानाने पटवून घेतलं. व्हीलुकअपची एक खोड इथे लक्षात ठेवा: शेवटी शून्य घालून "तंतोतंत तेच शोध" असं सांगितलं नाही, तर तक्ता क्रमाने लावलेला आहे असं ते गृहीत धरतं आणि भलताच गण आणून ठेवतं.

पुढच्या आठवड्यात मी गणिताच्या तासाला तोच तक्ता उघडला. गण आठच का? दोन पर्याय, तीन जागा, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. ल ला शून्य आणि ग ला एक म्हटलं, तर न गण ०००, म गण १११, आणि मधले सगळे त्यांच्यामध्ये बसतात. संगणक आत असंच मोजतो, असं सांगितल्यावर मुलांनी न विचारता चार अक्षरांच्या जागा घेऊन सोळा ओळींचा तक्ता केला.

गणितात बाकी वापर भरपूर आहे, तो थोडक्यात सांगते. दोन सेलमध्ये ५ आणि ९ लिहून ओढलं की खाली १३, १७ येतात, तीच दहावीची अंकगणिती श्रेढी. मग नववं पद ओढून काढा आणि सूत्राने काढा, दोन्ही जुळतात का पाहा. अर्थनियोजनाच्या पाठाला दुकानाचं खरं बिल आणून जीएसटीचे रकाने करा. संभाव्यतेला यादृच्छिक संख्येच्या फंक्शनने फासे टाका. भूमितीला मात्र कॅल्कचा आग्रह धरू नका, तिथे जिओजेब्राच हवं. तेही फुकट आहे. नकाशांसाठी इस्रोचं भुवन संकेतस्थळ.

आता उरलेल्या तक्रारी. मराठी इंटरफेस जोडता येतो, पण बऱ्याच खिडक्यांत इंग्रजी शिल्लक राहतं, आणि अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बघून मुलं जास्त गोंधळतात. आम्ही मेनू इंग्रजीच ठेवला आणि मजकूर मराठीत टंकतो. त्यासाठी इनस्क्रिप्ट शिकवतो. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, एवढं कळलं की आठवीची मुलं भराभर पकडतात. इनस्क्रिप्टचा फायदा हा, की मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय हळूहळू सुटते. रकान्यात आधी लिहिलेलं नाव कॅल्क आपणहून पुरं करू बघतं. "सा" टंकलं की साक्षीच्या जागी सानिका बसते. हजेरीच्या तक्त्यात याने गडबड होते. टूल्समधलं ऑटोइनपुट बंद करून टाका. लांबी मोजणारं लेन फंक्शन मराठीला वापरू नका. "स्त्री"ची लांबी ते सहा सांगतं, कारण ते हलन्त, काना, वेलांटी सगळं सुटं मोजतं. मॅडमना अक्षरं मोजायला तेच हवं होतं, म्हणून शेवटी एका सेलमध्ये एक अक्षर हा मार्ग निघाला.

जुन्या संगणकावर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. तास पस्तीस मिनिटांचा असतो, म्हणून मधल्या सुट्टीत संगणक चालू करून फाइल उघडून ठेवणारा गट आम्ही नेमलाय. वीज गेली तर पुन्हा उघडताना फाइल परत मिळवून देण्याची सोय त्यात आहे आणि बहुतेक वेळा ती कामी येते, पण पावसाळ्यात तिच्या भरवशावर राहू नये. दर थोड्या वेळाने सेव्ह करायची सवय लावावी. घरी संगणक कोणाकडेच नाही, फोन असतो. फोनवर संगणकासारखं पूर्ण लिबरऑफिस मिळत नाही, ही मोठीच उणीव आहे. मुलांना फाइल एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या प्रकारात, करून दिली तर फोनवरच्या दुसऱ्या ॲपमध्ये उघडते, पण आलेखांची मांडणी थोडी हलते. उलट बाजूने, केंद्रातून किंवा तालुक्याहून येणारे एक्सेलचे तक्ते कॅल्कमध्ये उघडतात आणि भरता येतात. त्यांतली सजावट सरकते, आकडे सरकत नाहीत.

एका संगणकावर चार मुलं बसतात. एकाने वाचायचं, एकाने टंकायचं, एकाने पडद्याकडे बघून पडताळायचं, चौथ्याने वहीत निष्कर्ष लिहायचा, आणि मध्येच शिट्टी वाजली की जागा बदलायची. हे काटेकोर पाळलं नाही तर हुशार मुलगा किंवा ज्याच्या घरी फोन चांगला आहे तो कीबोर्ड सोडत नाही आणि मुली वही धरून बसतात. कुठलंही सॉफ्टवेअर हा प्रश्न सोडवत नाही, तो शिक्षकानेच सोडवायचा.

मुक्त सॉफ्टवेअरवर शाळा चालवता येतात का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी केरळचं उदाहरण आहे. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे त्याचंच काइट झालं, आणि सरकारी शाळांमधले संगणक त्यांनी मुक्त प्रणालीवर आणले. अख्खं राज्य ते करू शकतं, तर तालुक्यातली एक शाळा नक्कीच करू शकते. आपल्याकडे अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि कुलपाची जास्त आहे. कितीतरी शाळांत चालू स्थितीतले संगणक फक्त सरल या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरण्यापुरते उघडतात. मुलं बिघडवतील ही भीती मला समजते. पण कॅल्कमध्ये मूल फार तर सूत्र बिघडवेल, आणि केलेलं मागे फिरवायला कंट्रोल झेड आहे.

पाचपैकी चार गुण. एक गुण तारखेच्या घोळासाठी आणि फोनवर नसल्यासाठी कापला. ज्या शाळेत संगणकशिक्षक नाही, तिथे तर हेच घ्यावं असं मी म्हणेन, कारण याला संगणकशिक्षक लागत नाही. आपल्या विषयाची ओढ असलेला शिक्षक लागतो. सुरुवात करणाऱ्यांनी एकच पाठ निवडावा, तोही जिल्ह्याच्या आकड्यांचा.

एक मागणी बालभारतीकडे आहे. भूगोल, विज्ञान आणि गणिताच्या पुस्तकांत कितीतरी चांगले तक्ते आहेत. पुस्तकं पीडीएफ रूपात सगळ्यांना मोफत मिळतात, ही फार मोठी सोय आहे. पण त्या तक्त्यांचे आकडे मुलांना एकेक करून टंकावे लागतात आणि अर्धा तास त्यातच जातो. प्रत्येक धड्याचे तक्ते ओडीएस, म्हणजे कॅल्कच्या, फाइलमध्ये पुस्तकाबरोबर दिले, तर तो अर्धा तास आकड्यांवर विचार करायला मिळेल. तोवर आम्ही दहावीच्या भूगोलाचे तक्ते मुलांकडूनच भरून घेतोय आणि शेजारच्या शाळांना पेनड्राइव्हवर देतोय.